पाण्याची परीक्षा : उगमापासून नदीमुखापर्यंत

वाशीम शहरांतील पद्मतीर्थाविषयीं एक जुनी कथा सांगतात. वासुकि नांवाचा एक राजा कुष्ठरोगानें पीडलेला होता. गांवाबाहेरच्या एका डबक्यांत त्यानें स्नान केलें आणि त्याचा रोग नाहींसा झाला. कृतज्ञ होऊन त्यानें त्या डबक्याचें विस्तीर्ण तळें केलें, तेंच पद्मतीर्थ. त्याच जिल्ह्यांतील कारंजा गांवची कथाहि अशीच आहे. तेथील ऋषि दुर्धर व्याधीनें जर्जर झाले असतां त्यांनीं अंबेची आराधना केली. देवीनें आपल्या देवळासमोर तलाव निर्माण केला व त्यांत स्नान करून ऋषि रोगमुक्त झाले. गांवें दोन, कथा दोन, परंतु दोहोंचें सार एकच : पाण्यानें रोग बरा होतो. आजच्या काळीं मात्र हा प्रश्न उलटा झाला आहे. पाणी मनुष्याचा रोग बरा करील किंवा नाहीं, हें राहूं द्या. मनुष्यानें पाण्याला जो रोग लावला आहे, तो ओळखावा कसा आणि बरा करावा कसा, हें पाहण्याची पाळी आली आहे.

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा काढलेला हा वऱ्हाडांतील जिल्हा कोणत्याहि किनाऱ्यापासून शेंकडों मैल दूर आहे. असें असूनहि दोन समुद्रांशीं त्याचा जन्मसंबंध आहे. त्याच्या पठाराच्या माथ्यावर पावसाचें पाणी दोन दिशांना दुभंगतें. वाशीमजवळच्या काटा गांवच्या परिसरांत उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेव येथें तापीला मिळते. आणि तापी सुरत शहर ओलांडून अरबी समुद्रांत शिरते. उलटपक्षीं पैनगंगा आणि अखेर तिच्यांतच जाणाऱ्या अडाण व अरुणावती ह्या नद्या आपलें पाणी पूर्वेकडे नेतात. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. माथ्यावरच्या एकाच गांवच्या शिवारांत पडलेल्या दोन थेंबांपैकीं एक सुरतेच्या खाडीकडे जावा आणि दुसरा आंध्रांतील गोदावरीच्या मुखाकडे, असें हें स्थान आहे.

जेथें नदीचें गोडें पाणी आणि भरतीबरोबर आंत शिरणारें समुद्राचें खारें पाणी यांची गांठ पडते, त्या प्रदेशाला कोंकणांत खाडी म्हणतात. खारें पाणी जड असल्यामुळें तें तळाशीं राहूं पाहतें व गोडें पाणी त्याच्यावरून पसरतें. नदीनें आणलेले मातीचे अतिसूक्ष्म कण गोड्या पाण्यांत दिवसेंदिवस तरंगत राहतात. परंतु खाऱ्या पाण्याचा स्पर्श होतांच ते एकमेकांस चिकटतात, जड होतात व तळाशीं बसतात. त्या गाळावर खारफुटीचीं झाडें वाढतात आणि त्यांच्या मुळांच्या आसऱ्यानें मासे व कोळंबी यांचीं पिलें वाढतात. म्हणजे खाडी ही नदीची अखेरची वखार होय. वरून जें जें आलें, तें तें येथें सांठतें. चांगला गाळ आला तर त्याचें पोषण होतें. मैला, खतें व विषारी औषधें आलीं तर त्यांचेंहि सांचणें येथेंच होतें. यास्तव खाडीचें आरोग्य खाडीच्या कांठीं ठरत नाहीं; त्याचा बराचसा निर्णय वर, पाणलोटांत, होऊन चुकलेला असतो.

आतां असा आक्षेप येणें साहजिक आहे कीं, सुरतेच्या खाडीसाठीं वाशीमच्या शेतकऱ्यानें कां झिजावें? त्याचें उत्तर असें कीं, पाण्याचा रोग समुद्रापर्यंत जाण्यापूर्वीं वाटेंतील प्रत्येक घागरींत डोकावतो. काटेपूर्णेवर महान येथें जें धरण आहे, त्याचें पाणी अकोला शहर पितें. त्याच्याहि खालीं पूर्णेच्या दोन्ही बाजूंस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. तेथें विहीर खणली तर पाणी लागतें, पण तें खारट. तहान भागवावयास तें बहुधा निरुपयोगी. अशा भागांतील लोकांना विहिरीचा आधार नाहीं. वरून वाहत येणाऱ्या गोड्या पाण्यावरच त्यांची सारी भिस्त. काटेपूर्णा बिघडली तर त्यांना दुसरें पाणी शोधावयास जागा उरत नाहीं. आणि यांच्याहि आधीं ज्याचें नुकसान होतें तो स्वतः माथ्यावरचा शेतकरी; कारण पाणी ज्या वस्तूंनीं बिघडतें, त्यांपैकीं दोन त्याच्याच पैशाच्या व कष्टाच्या असतात. एक त्याची माती व दुसरें त्याचें खत.

नदीच्या पाण्यावर मुख्यतः तीन ओझीं पडतात. पहिलें मातीचें. वाशीमची जमीन काळी व चिकण. सोयाबीन, तूर व कापूस हीं तेथील पिकें. जून महिन्यांत शेत नांगरून-वखरून मोकळें असतें, पीक अजून बोटभरहि उंच नसतें, आणि अशा उघड्या जमिनीवर पहिल्या सरी कोसळतात. उताराच्या दिशेनें तास घातलेले असले तर प्रत्येक तास हा एक लहानसा नालाच बनतो. त्या गढूळ पाण्याबरोबर मातीचा सर्वांत कसदार थर, आणि मातीच्या कणांना चिकटलेलें स्फुरद व कीटकनाशकें नदींत जातात. दुसरें ओझें विरघळलेल्या द्रव्यांचें. युरियासारख्या खतांतील नत्राचें जमिनींत नायट्रेट होतें. तें पाण्यांत सहज विरघळतें आणि पिकानें न घेतलेला भाग खडकाच्या भेगांतून विहिरींत व नाल्यांत झिरपतो. तिसरें ओझें मैल्याचें; गांवांचें व शहरांचें सांडपाणी, गुरांचें शेण-मूत्र, सणासुदीचें निर्माल्य.

हीं तिन्ही ओझीं डोळ्यांना सारखीं दिसत नाहींत, आणि येथेंच परीक्षेची गरज उत्पन्न होते. गढूळ पाण्याकडे पाहून मनुष्य नाक मुरडतो. पण तो दोष निदान डोळ्यांना दिसतो. उलट नायट्रेटनें भरलेलें विहिरीचें पाणी आरशासारखें निर्मळ दिसतें, त्याला वास नसतो, चवहि नसते. पिण्याच्या पाण्यांत दर लिटरला ४५ मिलिग्रामपेक्षां अधिक नायट्रेट असूं नये, अशी भारतीय मानक ब्यूरोनें मर्यादा घालून दिली आहे. ती ओलांडलेल्या पाण्यांत तान्ह्या मुलाचें वरचें दूध कालविलें तर त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते व अंग निळसर पडतें. पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं. पाणी आटतें आणि नायट्रेटचें प्रमाण उलट वाढतें. घरोघर मान्य असलेला ‘उकळलें म्हणजे शुद्ध झालें’ हा समज जंतूंपुरताच खरा आहे, हें गृहिणींनीं अवश्य ध्यानांत ठेवावें.

पाण्याच्या परीक्षेच्या पद्धति ऐकावयास कठीण वाटतात, परंतु त्यांचीं तत्त्वें सोपीं आहेत. पाण्याचा निर्मळपणा मोजण्याचें सर्वांत साधें साधन इटलींतील आंजेलो सेकी या धर्मगुरूनें १८६५ सालीं वापरलें. दोरीला बांधलेली एक पांढरी तबकडी पाण्यांत सोडावयाची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें मोजावयाचें. आजहि जगांतील सरोवरांवर व खाड्यांवर ही तबकडी वापरली जाते. एखाद्या धरणावर दर पंधरवड्यास अशी नोंद ठेवली तर गाळ केव्हां येतो व शेवाळ केव्हां माजतें, तें दोरीवरच वाचतां येतें.

दुसरी परीक्षा पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूची. मासे पाण्यांतील प्राणवायूवरच जगतात. वीस अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यांत लिटरला सुमारें ९ मिलिग्राम प्राणवायु मावतो. तीस अंशांवर तो साडेसातच मावतो, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत त्याहूनहि कमी. म्हणजे वैशाखांतील खाडीपाशीं मुळांतच शिल्लक थोडी. तिच्यावर मैल्याचा भार पडला तर दिवाळें निघावयास वेळ लागत नाहीं. हा प्राणवायु मोजण्याची युक्ति हंगेरींतील विंक्लर या रसायनशास्त्रज्ञानें १८८८ सालीं शोधिली. बाटलींतील पाण्यांत दोन द्रव्यें घातलीं कीं प्राणवायु असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. पुढें आम्ल घालून त्यांतून आयोडीन मोकळें करावयाचें, पिष्टाच्या योगानें त्याला निळा रंग आणावयाचा, आणि तो रंग उडवावयास दुसऱ्या द्रवाचे किती थेंब लागले त्यावरून हिशेब करावयाचा. शहरांतून पाणी घ्यावयाच्या नदींत, पुढें रीतसर गाळून व जंतुनाशन करून तें प्यावयाचें असलें तरी, हा प्राणवायु ४ मिलिग्रामहून कमी नसावा असा दंडक आहे.

तिसरी परीक्षा पाण्यांतील कुजणाऱ्या घाणीची. घाण कुजवितांना जंतु प्राणवायु खातात. म्हणून बंद बाटलींत पाणी कांहीं दिवस ठेवून किती प्राणवायु खाल्ला गेला तें पाहावयाचें. इंग्लंडांत ही मुदत पांच दिवसांची ठरली. तिचें कारण असें सांगतात कीं, त्या देशांतील नदीचें पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोंचावयास पांच दिवसांहून अधिक लागत नाहींत. म्हणजे प्रयोगशाळेंतल्या ह्या लहानशा बाटलींत मुळांत उगमापासून नदीमुखापर्यंतचा सगळा प्रवासच कोंडलेला आहे. आपल्या उष्ण देशांत ही परीक्षा सत्तावीस अंशांवर तीन दिवसांत उरकतात. मात्र काटेपूर्णेचें पाणी पांच दिवसांत समुद्राला मिळत नाहीं. तें धरणाच्या जलाशयांत महिनेच्या महिने थांबतें. थांबलेल्या पाण्यांत गाळ बसतो हा लाभ. परंतु स्फुरद व नत्र यांवर शेवाळ पोसतें, आणि गाळानें धरणाची साठवणहि घटते.

चौथी परीक्षा विष्ठेंतील जंतूंची, आणि ती सर्वांत निकडीची. येथें एका देशी शोधाचा उल्लेख केला पाहिजे. ग्वाल्हेरच्या संरक्षण-संशोधन संस्थेंतील मांजा व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं एक साधी बाटली प्रसिद्ध केली. तिच्यांत पोषकद्रव्यांत भिजवून वाळविलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागीं ठेवावयाची; एक-दोन दिवसांत पाणी काळें पडलें तर त्यांत मैल्याचा संसर्ग झाला आहे असें समजावयाचें. किती जंतु आहेत हें ती सांगत नाहीं. परंतु जेथें प्रयोगशाळा कोसों दूर, तेथें ‘हें पाणी पिऊं नका’ एवढें वेळेवर सांगणें हेंच मोठें काम आहे. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्यें प्रत्येक गांवांतील पांच स्त्रियांना चाचणीसंच वापरण्याचें शिक्षण द्यावें असें ठरलें, तें याच दृष्टीनें. पाणी भरणारीच्या हातीं पाण्याची परीक्षा आली, ही लहान गोष्ट नव्हे.

साधन हातीं आलें तरी तें कोठें व केव्हां वापरावें याला विचार लागतो. शहराच्या खालीं पाणी घाण आहे एवढें मोजून भागत नाहीं. शहराच्या वरच्या अंगाचेंहि मोजावें लागतें, तेव्हांच दोष शहराचा किती व त्याच्याहि वरचा किती, तें कळतें. नाला नदीला मिळतो तेथें संगमाच्या अगोदर दोन्ही प्रवाहांतून आणि संगमानंतर कांहीं अंतरावर एक, असे तीन नमुने घ्यावे लागतात. वर्षांतून एकदांच मोजणें हें तर रोग्याची नाडी दिवाळीला एकदां पाहण्यासारखें आहे. पहिल्या पावसाचा लोंढा, भरल्या नदीचा भाद्रपद, संथ हिंवाळा आणि आटलेला वैशाख, अशा किमान चार वेळां तरी नोंद हवी.

शिवाय पाण्याचा दोष मोजतांना प्रवाहहि मोजला पाहिजे. समजा, एका ओढ्यांत लिटरला अवघें १० मिलिग्राम नायट्रेट आहे. मर्यादा ४५ ची, तेव्हां चिंतेचें कारण नाहीं असें वाटेल. पण तो ओढा पावसाळ्यांत सेकंदाला १,००० लिटर पाणी नेत असेल तर सेकंदाला १० ग्राम, म्हणजे एका दिवसांत ८६४ किलो नायट्रेट वाहून जातें. त्यांतील नत्राचा हिशेब केला तर तो युरियाच्या ४५ किलोंच्या नऊ पोत्यांहून अधिक भरतो. तेंच पाणी पिणाराला निर्धोक. पण धरणाला व खाडीला रोज नऊ पोतीं खत! आणि हीं पोतीं कोणा तरी शेतकऱ्यानें पैसे मोजून आणलेलीं असतात. एवढा एक हिशेब गांवच्या चावडीवर मांडला तर खाडी म्हणजे काय हें न सांगतांहि खाडीचें काम होईल.

परीक्षेनें रोग कळला कीं उपचाराचा क्रम ठरवितां येतो. सर्वांत वर, माथ्याकडे, माती व पाणी अडविणें. उताराला आडवी पेरणी, बांध, बांधावर गवत, नाल्याच्या कांठीं झाडाझुडपांचा पट्टा. यांनीं वाहत्या पाण्याचा वेग मोडतो व गाळ शेतांतच बसतो. सोयाबीनसाठीं रुंद वरंबा व सरी काढण्याची पद्धत विदर्भांत अलीकडे रूढ होत आहे, तिचाहि उपयोग हाच. तलावांत व बंधाऱ्यांत आधींच सांचलेला गाळ काढून शेतांत पसरला तर एका कामांत दोन लाभ होतात. मातीची तपासणी करून, खत एकदम न घालतां पिकाच्या भुकेप्रमाणें विभागून दिलें तर नत्र पिकाच्या मुखीं पडतें. गांवच्या सांडपाण्याला शोषखड्डा हवा. परंतु तो विहिरीपासून पुरेसा दूर हवा, नाहीं तर रस्त्यावरची घाण विहिरींत नेऊन सोडल्यासारखें होईल. शहराचें सांडपाणी मात्र शुद्धीकरणाच्या कारखान्यावांचून सुधारत नाहीं. तेथें केवळ सद्भावना पुरत नाहीं, खर्च व देखरेख लागते. १९६९ सालीं महाराष्ट्रानें जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला व १९७४ सालीं संसदेनें देशासाठीं केला. पण कायद्याला डोळे असतात ते नोंदींचे. मोजमाप नसेल तर कायदा आंधळा.

अकोल्यांतील मोर्णा नदीचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. १३ जानेवारी २०१८ रोजीं हजारों नागरिक, विद्यार्थी व संस्था हातांत खराटे-टोपल्या घेऊन नदीपात्रांत उतरले आणि जलपर्णी व कचरा त्यांनीं बाहेर काढला. तो उत्साह स्तुत्यच होता. तथापि जलपर्णी हा स्वतः रोग नव्हे. नत्र व स्फुरद यांनीं भरलेल्या सांडपाण्याचें तें बाह्य लक्षण होय. तिकडे सुरतेसहि हाच अनुभव आला. भरतीचें खारें पाणी वर चढूं नये म्हणून शहराजवळ सिंगणपोर येथें तापीवर बंधारा घातला. खारें पाणी थांबलें, गोडें पाणी सांठलें, परंतु त्या संथ पाण्यांत जलपर्णी माजूं लागली. लक्षण काढून टाकलें व कारण तसेंच राहिलें, तर लक्षण पुन्हां येतें. म्हणून श्रमदान हें उपचाराचें पहिलें पाऊल समजावें, शेवटचें नव्हे.

तरी निराश होण्याचें कारण नाहीं. लंडनच्या टेम्स नदीची अवस्था एके काळीं याहून वाईट होती. १८५८ च्या उन्हाळ्यांत तिच्या दुर्गंधीनें पार्लमेंटचें कामकाजहि कठीण झालें होतें, आणि १९५७ सालच्या पाहणींत तर तिच्या भरतीच्या पट्ट्याचा मोठा भाग मृतप्राय ठरला. पुढें सांडपाणी शुद्ध करणारे कारखाने वाढविले गेले आणि प्राणवायूची मापें वर्षानुवर्षें घेतलीं गेलीं. १९७४ सालीं त्या नदींत पुन्हां सामन मासा सांपडला. हा मासा स्वच्छ व प्राणवायुयुक्त पाण्यावांचून वर चढत नाहीं. त्याचें येणें हीच नदीच्या प्रकृतीची साक्ष होती. नदी दीर्घद्वेषी नाहीं. तिच्यावरचें ओझें उतरलें कीं ती आपण होऊन सांवरूं लागते.

वाशीमच्या पाणलोटांत हें काम त्या मानानें पुष्कळ सोपें आहे. येथें मोठे कारखाने थोडे, नद्या अजून लहान, आणि बिघाड उगमाजवळच असल्यानें वेळींच धरतां येण्याजोगा. एखाद्या शाळेनें जवळच्या ओढ्याची वही घालावी. आठवड्याला एकदां पाण्याची उष्णता, निर्मळपणा व पातळी तींत लिहावी. महिन्यांतून एकदां गांवच्या विहिरीची जंतूंची बाटली लावावी. आणि ती वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. दहा वर्षांची अशी एक वही शंभर भाषणांपेक्षां अधिक बोलेल. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनींहि नळ सोडतांना तो कोठून येतो हें मुलांना नकाशावर दाखवावें, आणि मूर्ति व निर्माल्य तलावांत न सोडतां त्यासाठीं ठेवलेल्या कुंडांतच विसर्जन करावें.

पद्मतीर्थाच्या कथेंतील राजाला पाण्यानें बरें केलें. पण कथा तेथेंच संपत नाहीं. बरा झाल्यावर त्या राजानें डबकें तसेंच सोडलें नाहीं. तें खणून, रुंदावून, पुढील पिढ्यांसाठीं त्याचें तीर्थ केलें. उपकाराची ती परतफेड होती. काटेपूर्णा व पैनगंगा यांच्या माथ्यावर राहणारांवर तेंच ऋण आहे, आणि तें फेडण्याचा आरंभ पाण्याच्या एका बाटलीनें व नोंदीच्या एका वहीनें होऊं शकतो.